पिठातले हात

प्रतिमाच्या फ्रिजवर, केळ्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली, एक लिफाफा नोव्हेंबरपासून लटकत होता. राज्य सरकारचा शिक्का, खिडकीतून दिसणारं तिचं नाव आणि आत दोन पानी फॉर्म. ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटचं लायसन्स दर दोन वर्षांनी, सगळ्यांचं एकाच तारखेला, रिन्यू करावं लागतं, त्याचा. हा फॉर्म एकतीस डिसेंबरच्या आत पोस्टात पडला नाही, तर एक जानेवारीपासून तिला कामावर पाऊल टाकता येणार नव्हतं. हे १९९७ सालातलं.

"भरलास का गं?" मी दर मंगळवारी विचारत असे.

"राहू द्या, अपर्णाताई. यंदा नाही भरत," असं म्हणून ती सासूबाईंच्या केसांना तेल लावायला घेई.

इतक्या सहज सोडून देण्यासारखं ते लायसन्स नव्हतं. मी साक्षीदार आहे. तिला गाडी चालवता येत नव्हती तेव्हा त्या कोर्सच्या अर्ध्याअधिक चकरा माझ्या गाडीतून झालेल्या आहेत.

आमची ओळख नवऱ्यांमुळे झाली. आमचे हे आणि तिचे पंडितभाऊ नेपरव्हिल स्टेशनावरून शिकागोला जाणारी एकच गाडी पकडायचे. एका जानेवारीत आमची कार थंडीनं बंद पडली आणि पंडितभाऊंनी ह्यांना घरी आणून सोडलं. त्यांचं नावच पंडित. ऑफिसातल्या गोऱ्या लोकांना वाटायचं ही काहीतरी पदवी आहे, आणि ते खुलासा करायचे नाहीत. नागपूरच्या इंदोऱ्याचं कुटुंब. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि त्यांच्याखाली त्यांच्या लेकीनं, उपासनानं, शाळेत केलेला कागदी टर्की पक्षी. प्रतिमा माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बी. ए. झालेली, बारीक चणीची आणि समोरच्याच्या हातातलं ओझं स्वतःच्या हातात घेतल्याशिवाय राहू न शकणारी. पहिल्या भेटीतच तिनं माझा कोट काढून घेतला, स्नोबूट काढायला खाली वाकली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत एक बूट निघालाही होता.

ही सवय तिला सासूबाईंकडून लागलेली. गिरजाबाई नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. वॉर्डातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलायची. लग्न होऊन आलेल्या प्रतिमाला त्यांनी स्वयंपाकाआधी हे शिकवलं, की आजारी माणसाला काही मागायची पाळी येऊ द्यायची नाही. आणि दुसरं असं, की सुनेचं अर्धं राहिलेलं बी. ए. त्यांनी पुरं करून घेतलं. सकाळची ड्यूटी आटोपून यायचं, चूल सांभाळायची, दुपारी सुनेला कॉलेजात धाडायचं. शेजारणी बोलायच्या, गिरजाबाई ऐकायच्या नाहीत. प्रतिमा हे सगळं सांगायची तेव्हा 'आई' म्हणायची. ते सासूबद्दल आहे हे मला दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला कळलं.

तर अशा मुलीनं कम्युनिटी कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटचा कोर्स घेतला. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? ती म्हणाली, "आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा शिकवायची, ताई. अंघोळ, कपडे, जेवण." मला वाटलं, हिला शिकायला राहिलंय काय?

वर्गातल्या परीक्षांत ती पहिल्या तिघांत असे. शेवटी नर्सिंग होममध्ये काही आठवडे काम करून दाखवायचं होतं. ते पास झालं की मग मोठी परीक्षा, आणि मग राज्याचं लायसन्स. त्या नर्सिंग होममध्ये तिला मिस्टर नोवाक नावाचे पेशंट मिळाले. रेल्वेतून रिटायर झालेले, सहा फूट उंच, अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा झालेला. प्रतिमा रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावी, दुधाचा डबा उघडून देई, चष्मा पुसून नाकावर ठेवी. नोवाक सगळ्यांना सांगत, ही माझी सर्वांत लाडकी मुलगी आहे.

सहाव्या आठवड्यात कॅरल नावाच्या सुपरवायझर बाईंनी तिच्या हातात अर्ध्या वाटेवरचं मूल्यमापन ठेवलं. पास होण्यापुरते गुण नव्हते. खाली लिहिलं होतं की ही विद्यार्थिनी पेशंटची कामं स्वतः करते.

त्या दिवशी मी तिला घ्यायला गेले. ती गाडीत बसली, पट्टा लावला आणि तो कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"नागपुरात हे वाक्य लिहिलं असतं तर आईंनी पेढे वाटले असते," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या त्या बाई?"

"म्हणाल्या, सहा आठवड्यांत नोवाकनं एक बटण लावलं नाही. त्याच्या हाताला संधीच मिळाली नाही. तू त्याचा हात चोरलास." मग माझ्या मांडीवरचा कागद तिनं परत घेतला. "चोरलास म्हणाल्या, ताई."

त्या रविवारी आमच्याकडे तालीम झाली. मी पेशंट. उजवा हात ओढणीनं बांधून मला एका हातानं मोजा चढवायचा होता आणि प्रतिमानं नुसतं सांगायचं होतं. मी पायाचा अंगठा मोज्यात घालायला लागले आणि तिचे हात पुढे आले. तिला म्हटलं, हातांवर बस. ती हातांवर बसली, मी दुसऱ्यांदा चुकले, तशी ती उठलीच. तिसऱ्या वेळी मोजा तिनंच चढवला आणि "सॉरी, सॉरी" म्हणत पुन्हा काढला. आमचे हे पेपर खाली करून म्हणाले, "हिचे हात कुणीतरी फ्रिजला चिकटवा."

उपाय सापडला तो तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. ती कणीक मळत होती आणि उपासना बुटाची नाडी घेऊन आली. "आई, टाय इट." प्रतिमा म्हणाली, "माझे हात पिठाचे आहेत, तूच बांध." मुलगी कुरकुरली, जमिनीवर बसली आणि तिनं नाडी बांधली. वेडीवाकडी, पण बांधली. प्रतिमानं मला तेव्हाच फोन केला. रिसीव्हरला पीठ लागलं असणार.

नर्सिंग होममध्ये हाताच्या व्यायामासाठी एक रबरी लगदा असतो, पुटी म्हणतात. घट्ट मळलेल्या कणकेसारखाच. सोमवारी तिनं त्याचा मोठा गोळा घेतला, नोवाकच्या समोर बसली आणि तो मळायला लागली. नोवाक शर्ट मांडीवर घेऊन वाट पाहत राहिले. लाडकी मुलगी नुसतीच मळतेय. मग म्हणाले, तुझं बिनसलंय का माझ्याशी? ती म्हणाली, नाही, वरच्यापासून सुरुवात करा, दुसऱ्या हातानं कापड धरून ठेवा. पहिल्या बटणाला चाळीस मिनिटं लागली. तोवर तिनं त्या लगद्याच्या अकरा पोळ्यांचे गोळे करून ओळीत मांडले होते. बटण लागलं तेव्हा नोवाकनी ते दोनदा सोडून पुन्हा लावलं, खात्रीसाठी. कॅरलबाई दारात उभ्या होत्या.

ती पास झाली, मोठी परीक्षाही दिली, आणि १९९६च्या मार्चमध्ये लायसन्स आलं. पंडितभाऊंनी ते फ्रेम करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं. टर्की फ्रिजवर गेला. गिरजाबाईंना नागपूरला फोन लावला तर त्या म्हणाल्या, "गाडीचं लायसन का?" प्रतिमा म्हणाली, नाही आई, पेशंटला हात न लावायचं. मग नोवाकची, बटणाची आणि पिठाची सगळी हकिकत फोनवर सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गिरजाबाई म्हणाल्या, "म्हणजे मी तीस वर्षं चुकीचंच केलं म्हणावं."

पुढच्या वसंतात गिरजाबाई कायमच्या राहायला आल्या. नऊवारी लुगडं, वर पंडितभाऊंचं जुनं जॅकेट आणि पायात उपासनाचे गुलाबी मोजे, अशा त्या रोज कोपऱ्यापर्यंत फिरून येत. ऑगस्टमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू. दवाखाना, मग रिहॅब, मग घर. पाय बराचसा सुधारला, बोलणं परत आलं. हात राहिला.

प्रतिमानं रजा घेतली. वर्षअखेरपर्यंतची. आणि नोवाकच्या आधीची प्रतिमा परत आली. सकाळी दात घासून देणं, वेणी, भरवणं. लुगडं सोडवून तिनं सासूबाईंना बटणांचे गाऊन आणले, घालायला सोपे म्हणून, आणि ती बटणंही तीच लावी. गिरजाबाई त्याला झगा म्हणत. उजवा हात मांडीवर ठेवलेला असे, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

लोक मात्र कौतुक करून थकत नव्हते. मराठी मंडळाच्या दिवाळीत एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "एवढी शिकलेली, पण नोकरी सोडून सासूचं करते बघा." मी म्हटलं, नोकरी सोडलेली नाही. ती म्हणाली, "सोडेलच हो."

मी तिला एकदा स्पष्ट विचारलं. "नोवाकला तू चाळीस मिनिटं दिलीस. आजींना का नाही?"

"नोवाक माझे सासरे नव्हते, ताई." ती भांडी घासत होती, वळून न बघता बोलली. "आईंनी मला कॉलेजात धाडलं. त्यांना बटणांशी झगडताना मी कशी बघू? आणि जानेवारीत कामावर जायचं म्हणजे घरच्या म्हातारीला एकटं टाकून बाहेरच्या म्हाताऱ्यांचं करायचं. लोकांचं सोडा, मलाच ते पटत नाही. लायसन्स काय, कागद आहे."

"भिंतीवर लावलायस तो कागद."

"काढून ठेवीन."

तो लिफाफा केळ्याखाली राहिला.

मंगळवारी आणि गुरुवारी प्रतिमा सामान आणायला आणि उपासनाला पोहायच्या क्लासला न्यायला दोन तास बाहेर जाई, तेवढा वेळ मी गिरजाबाईंजवळ बसत असे. नोव्हेंबरअखेरच्या एका मंगळवारी, गाडी ड्राइव्हवेतून बाहेर पडल्याचा आवाज आला आणि गिरजाबाई म्हणाल्या, "बाई, ते फ्रिजवरचं कागद कोणत्या तारखेलोक भरा लागते?"

"एकतीस डिसेंबर."

"अन् नाही भरलं तं?"

"तर तिला काम करता येणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबून राहिली ते. मले दिसते. एक हात गेला म्हणून का डोये गेले?" आणि मग, हुकूम सोडल्यासारखं, "तुम्ही कणीक मळा."

"भूक लागली का, आजी?"

"भूक नाही. नागपूरले फोन केला होता तिनं, बटनाचं सांगे. पीठ घ्या अन् इथंच बसा माझ्यासमोर. काही झालं तरी उठाचं नाही."

मी परात घेऊन आले. त्यांच्या समोर खुर्चीत बसले, परात मांडीवर. गिरजाबाईंनी डाव्या हातानं उजवा हात उचलून गळ्याशी नेला आणि गाऊनच्या वरच्या बटणावर ठेवला. बोटं थरथरली, घसरली, हात मांडीवर पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला.

बघत राहणं किती कठीण असतं हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या डोळ्यांसमोर ते बटण काजाच्या काठाशी येऊन परत जात होतं आणि मी पिठात बोटं रुतवत होते. चौथ्यांदा हात पडला तेव्हा मी अर्धवट उठले. "बसा," गिरजाबाई म्हणाल्या. वॉर्डात नातेवाइकांना असंच दटावत असणार. त्या दिवशी बटण लागलं नाही. कणीक मात्र लोण्यासारखी झाली.

मग हा नेमच झाला. गाडी गेली की परात बाहेर. प्रतिमाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. "तिले सांगाल तं ते मदतीले येईन." दुसऱ्या आठवड्यात एक बटण लागलं. डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी तीन. बटणं आली तशा त्या चमच्याकडे वळल्या, मग कंगव्याकडे. आणि मग एके दिवशी म्हणाल्या, "कपाटातून माझं लुगडं काढा. हा झगा नको आता. झग्यात मी पेशंट दिसतो." त्यांच्याकडे बायकाही 'मी दिसतो' म्हणतात.

मला जरा भीती वाटली. पडल्या तर मी प्रतिमाला काय सांगणार? मी म्हटलं, पलंगाला टेकून उभं राहायचं, मागे खुर्ची ठेवायची, तरच. ते त्यांनी मान्य केलं. एक टोक दातात, दुसरं पलंगाच्या कडेशी पोटानं दाबून धरलेलं, उजव्या हाताला काम एवढंच की निरी सुटू द्यायची नाही. पहिल्या दिवशी सगळं लुगडं पायाशी गोळा झालं. त्या खुर्चीवर टेकल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा मळा."

पिठाची पंचाईत वेगळीच. एवढी कणीक करायची काय? अर्धी प्रतिमाच्या फ्रिजमध्ये ठेवायची, अर्धी मी घरी न्यायची. आमचे हे महिनाभर दोन्ही वेळा पोळ्या खाऊन शेवटी म्हणाले, "भातानं आपलं काही बिघडवलंय का?" आणि प्रतिमा एकदा फ्रिज उघडून मला म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला एवढी कणीक मळून ठेवता? तुमच्या हातांना त्रास." मी म्हटलं, बसून बसून करायचं काय. गिरजाबाई भिंतीकडे बघत होत्या.

तीस डिसेंबरला मंगळवार होता. सकाळपासून बर्फ पडत होता आणि प्रतिमा लवकर परत आली, रस्ते वाईट आहेत म्हणून. दार उघडलं तेव्हा मी बैठकीच्या खोलीत परात घेऊन बसले होते आणि गिरजाबाई पलंगाजवळ उभ्या होत्या, लुगड्यात. काष्टा एका बाजूला सरकलेला, निऱ्या कमीजास्त, पदर मात्र खांद्यावर ठीक. ब्लाउजच्या पाचांतली चार बटणं लागलेली.

प्रतिमा बूट न काढताच आत आली. गालिच्यावर बर्फ पडत होता.

"कोणी नेसवलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं आणि पिठाचे हात वर करून दाखवले.

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. एवढ्या कणकेचा हिशेब तिला तिथेच लागला असावा. मग ती सासूबाईंकडे गेली, आणि हात निघालेच. सरकलेली निरी ओढून सरळ करायला.

"हात मांग घे," गिरजाबाई म्हणाल्या.

"आई, नुसती ही एक..."

"परातीत घाल हात."

प्रतिमा थांबली. मग माझ्याशेजारी जमिनीवर बसली, कोट अंगात तसाच, आणि तिनं दोन्ही हात माझ्या परातीत घातले. मी माझे काढून घेतले. ती मळत राहिली. डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळे नव्हते. गिरजाबाईंनी निरी स्वतः सरळ केली. वेळ लागला. मग भिंतीला धरून त्या स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघी तिथेच बसून कान देत होतो. पावलं, मग थांबणं, मग काहीतरी फरशीवर पडल्याचा टक्क आवाज. प्रतिमा उसळली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पिठाचा, तिच्या चांगल्या कोटावर.

पडलं होतं ते केळं. गिरजाबाई लिफाफा घेऊन परत आल्या. तो उजव्या हातात होता, अंगठा आणि दोन बोटांत, आणि थरथरत होता, पण पडत नव्हता. त्यांनी तो प्रतिमाच्या पुढ्यात धरला.

"भर."

"आणि तुम्ही एकट्या? चार-पाच तास?"

"वॉर्डात चाळीस खाटा होत्या अन् मी एकली होतो. इथं एकच म्हातारी हाये, तेही ओळखीची. अन् हे बाई हायेत दोन घरं टाकून. फोन हाये. तू जा, त्या नोवाकासारख्याले बटनं लावू देजो." मग, "अन् हे पाह्य. मी चुकीचं नव्हतं केलं. ज्याले हातच नाही हलत त्याले भरवाच लागते. हलत असन तं नाही भरवाचं. एवढंच तुमच्या कॉलेजात शिकवते ना?"

"एवढंच, आई," प्रतिमा म्हणाली.

फॉर्म तिथेच, परातीशेजारी, भरला गेला. प्रतिमानं हात धुतले, पण घाईघाईत. सहीच्या खाली तिच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा उमटला आणि झटकला तसा आणखी पसरला. ती म्हणाली, नवीन फॉर्म मागवायला वेळ नाही, आता काय करायचं? गिरजाबाई म्हणाल्या, "आमच्याकडं सहीपेक्षा आंगठाच पक्का." उपासना एव्हाना मागून येऊन आजीकडे बघत उभी होती. ती म्हणाली, "आजी, युअर साडी इज क्रूकेड." आणि आजी म्हणाली, "हो. माझी हाये."

पोस्टात मी घेऊन गेले तिला. बर्फातून पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. काउंटरवरच्या बाईंनी तारखेचा शिक्का आमच्यासमोर मारला तेव्हाच प्रतिमानं हातमोजे चढवले. ते चढवताना तिचा एक मोजा उलटा झाला. मी मदतीला हात पुढे केला आणि परत खिशात घातला. तिच्या ते लक्षात आलं.

फेब्रुवारीत नवं लायसन्स आलं. पिठाबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. प्रतिमा जानेवारीपासूनच कामावर होती, रोज पाच तास. मी दुपारी बाराला गिरजाबाईंना फोन करायची. रिंग दहा-बारा वेळा वाजे. आधी माझा जीव वरखाली होई, मग सवय झाली.

"काय करताय, आजी?"

"पाचवं बटन लावून राहिलो होतो. तुमच्या फोनानं सुटलं."

"मग ठेवते."

"ठेवा. अन् बाई, संध्याकाळी कणीक नका आणू. भात टाकला हाये मी."